सूर्याचा वारा, पृथ्वीची ढाल आणि अलिबागची सुई

आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक छोटेसे होकायंत्र असते. कुणी हजहून परतताना आणलेले, कुणाच्या जानमाजलाच शिवलेले. उर्दूत त्याला कुतुबनुमा म्हणतात आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे असेल तर किब्लानुमा. ही सोय जुनी आहे. तेराव्या शतकात येमेनचे सुलतान अल-अशरफ उमर यांनी चुंबकी सुईच्या साह्याने किब्ला कसा ठरवावा, यावर लिहून ठेवले आहे.

डबी सपाट जागी ठेवली की सुई थोडी थरथरते, डावीकडे-उजवीकडे झुलते आणि थांबते. सुई स्थिर झाली असे आपण समजतो. पण ती कधीच पूर्ण स्थिर नसते. आपल्या डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक अंशाने ती दिवसभर सरकत असते. लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने १७२२ साली अतिशय नाजूक सुई तयार करून तासन्‌तास तिच्याकडे पाहिले, तेव्हा हे पहिल्यांदा लक्षात आले. पुढे १७४१ च्या एप्रिलमध्ये ग्रॅहम लंडनमध्ये आणि सेल्सियस स्वीडनमधल्या उप्साला येथे एकाच दिवशी सुई पाहत होते. सेल्सियस म्हणजे ज्यांच्या नावाने आपण तापमान मोजतो तेच. त्या दिवशी दोन्ही ठिकाणच्या सुया एकाच वेळी बिथरल्या. शेकडो मैलांवरच्या दोन सुया एकदम हलतात, म्हणजे हलवणारी गोष्ट खोलीतली नाही आणि गावातलीही नाही. ती फार मोठी असली पाहिजे.

ती गोष्ट कोणती, हे कळायला पुढची दोनशे वर्षे लागली. सूर्याकडून वाहणारा एक वारा पृथ्वीच्या चुंबकी आवरणाला सतत दाबत असतो. दाब वाढला की ते आवरण आक्रसते, दाब ओसरला की फुगते. आपल्या होकायंत्राच्या सुईला त्या दाबण्या-सोडण्याची खबर लागते.

हा वारा कसला?

आपल्याकडे वारा म्हणजे हवा. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये तर हवा नाही. मग वारा कसला? सूर्याच्या बाहेरच्या थराचे तापमान दहा लाख अंशांच्या वर असते. एवढ्या उष्णतेत अणू अखंड राहत नाहीत. त्यांचे विद्युतभारित तुकडे होतात आणि सूर्याच्या ओढीतून निसटून चहूबाजूंना उधळतात. या कणांच्या अखंड प्रवाहाला सौरवारा म्हणतात. तो सेकंदाला साधारण ३०० ते ८०० किलोमीटर वेगाने वाहतो. मुंबईहून नागपूरला रेल्वेने रात्रभराचा प्रवास, हा वारा तेवढे अंतर दोन-तीन सेकंदांत तोडतो. तरी सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला त्याला सरासरी चार दिवस लागतात.

असा वारा असला पाहिजे, असे अमेरिकेतील युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये गणिताने मांडले. त्यांचा लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांना ही कल्पना पटली नाही. तो लेख नाकारला जाणार होता. त्या नियतकालिकाचे संपादक होते लाहोरमध्ये जन्मलेले आपले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. कल्पना नवी वाटते, पण गणितात चूक सापडत नाही, एवढे पाहून त्यांनी लेख छापला. चार वर्षांनी, १९६२ मध्ये, मरिनर-२ हे यान शुक्राकडे जात असताना त्याला वाटेत हा वारा सतत लागत राहिला आणि पार्कर बरोबर ठरले.

हा वारा किती विरळ आहे पाहा. पृथ्वीजवळ साखरेच्या एका चौकोनी तुकड्याएवढ्या जागेत त्याचे अवघे पाच-सहा कण असतात. त्याचा दाब साधारण दोन नॅनोपास्कल, म्हणजे आपल्या अंगणातल्या हवेच्या दाबाचा सुमारे ५० लाख कोटीवा भाग. एवढ्याशा दाबाने काय होणार, असे कुणालाही वाटेल. वर्गात हा आकडा सांगितला की मुले हसतात. पण समोर उभा असलेला प्रतिस्पर्धीसुद्धा तिथे तितकाच नाजूक आहे, हे ऐकल्यावर ती गप्प होतात.

दोन दाबांची कुस्ती

पृथ्वीच्या पोटात वितळलेले लोखंड फिरत असते. त्यातून पृथ्वीचे चुंबकत्व तयार होते आणि ते जमिनीवरच न थांबता अवकाशात दूरवर पसरते. सौरवाऱ्याचे कण विद्युतभारित असल्याने त्यांना हे चुंबकी क्षेत्र सहज ओलांडता येत नाही. नदीच्या धारेत मोठा खडक असला की पाणी जसे त्याला वळसा घालून दोन्ही बाजूंनी निघून जाते, तसा हा वारा पृथ्वीला वळसा घालतो. खडकाच्या पुढे पाणी उसळते आणि मागे लांब शेपूट तयार होते. पृथ्वीच्या बाबतीतही तसेच. सूर्याच्या बाजूला चुंबकी आवरण दाबले जाते, रात्रीच्या बाजूला ते चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे शेपटासारखे लांबते. या सगळ्या पोकळीला चुंबकावरण म्हणतात.

चुंबकावरणाची पुढची सीमा कुठे असेल? जिथे बाहेरून ढकलणाऱ्या वाऱ्याचा दाब आणि आतून रेटणाऱ्या चुंबकत्वाचा दाब सारखा होईल, तिथे. नेहमीच्या दिवशी ही जागा पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे दहा पृथ्वीत्रिज्या, म्हणजे जवळपास ६४ हजार किलोमीटरवर असते.

इथे आठवीच्या मुलालाही जमेल असे एक गणित आहे. चुंबकाचे बळ अंतर वाढेल तसे फार वेगाने कमी होते. अंतर दुप्पट झाले तर बळ आठव्या हिश्शावर येते. चुंबकत्वाचा दाब बळाच्या वर्गावर अवलंबून असतो. आठाचा वर्ग चौसष्ट, म्हणजे दाब चौसष्टाव्या हिश्शावर. आता हेच उलटे करा. सीमा आज आहे त्याच्या निम्म्या अंतरावर ढकलायची असेल, तर सौरवाऱ्याचा दाब चौसष्टपट व्हावा लागेल. पृथ्वीची ढाल मऊ आहे, पण जितकी आत दाबाल तितकी ती कडक होत जाते. फुगा बोटाने दाबला की सुरुवातीला सहज आत जातो आणि मग बोटाला विरोध वाढत जातो, तसे काहीसे.

वाऱ्याचा दाब दोन गोष्टींवर ठरतो : कण किती दाट आहेत आणि ते किती वेगाने येतात. दाटी दुप्पट झाली तर दाब दुप्पट. वेग दुप्पट झाला तर मात्र दाब चौपट. म्हणून सूर्यावर स्फोट होऊन दाट आणि वेगवान ढग एकदम सुटला, तर दोन्ही बाजूंनी दाब वाढतो आणि दहा-वीस पटींची झेप काही मिनिटांत घेतली जाते.

दाब वाढला की काय होते?

पहिली गोष्ट, चुंबकावरणाची सीमा आत सरकते. या सीमेवरून विजेचा एक प्रवाह वाहत असतो. इंग्लंडचे सिडनी चॅपमन आणि त्यांचे विद्यार्थी फेरारो यांनी १९३० च्या सुमारास, म्हणजे अवकाशात एकही यान गेलेले नसताना, हा प्रवाह कागदावर शोधून काढला होता. सीमा आत ढकलली गेली की हा प्रवाह वाढतो आणि पृथ्वीच्या जवळ येतो. त्याचा परिणाम म्हणून जमिनीवरचे चुंबकी बळ एकदम उडी मारते. आपल्या भागात आडव्या दिशेचे चुंबकी बळ सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला असते. त्यात दोन-चार मिनिटांत काही दहा नॅनोटेस्लांची भर पडते. अलिबाग, जपान, आफ्रिका, सगळीकडच्या वेधशाळांत जवळजवळ एकाच वेळी आलेख वर उसळतो. ग्रॅहम आणि सेल्सियस यांच्या सुया एकदम का बिथरल्या असतील, याचे उत्तर पृथ्वीला अशा प्रकारे सगळीकडून एकदम कवेत घेणाऱ्या घटनांत आहे.

दुसरी गोष्ट उपग्रहांची. टीव्हीच्या वाहिन्या पोचवणारे आणि हवामानाची चित्रे पाठवणारे भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४२ हजार किलोमीटरवर, म्हणजे ६.६ पृथ्वीत्रिज्यांवर फिरतात. नेहमी ते चुंबकावरणाच्या आत सुखाने असतात. पण दाब साधारण बारापट झाला की सीमा त्यांच्यापर्यंत येऊन ठेपते. आणखी वाढला तर सूर्याच्या बाजूचे उपग्रह उघड्यावर पडतात, जणू भर पावसात अंगावरचे छप्पर कुणीतरी ओढून घेतले. ऑक्टोबर २०२४ च्या सौरवादळात असे थोड्या वेळासाठी घडल्याचे भारतीय अवकाश संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, सांगितले आहे.

तिसरी गोष्ट पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांची. चुंबकत्वात अडकलेले वेगवान कण पृथ्वीभोवती कड्यांसारखे फिरत असतात. २४ मार्च १९९१ रोजी सौरवाऱ्याचा असा जोरदार धक्का बसला, की काही मिनिटांच्या आत अतिवेगवान कणांचा एक नवाच पट्टा तयार झाला. त्या वेळी एक उपग्रह नेमका तिथून जात होता म्हणून हे कळले. असे कण उपग्रहाच्या आत शिरून त्याच्या इलेक्ट्रॉनिक भागांना इजा करू शकतात.

आणि वारा पडला तर?

वाऱ्याचा जोर वाढल्याच्या गोष्टी सगळे सांगतात. तो पडल्याची गोष्ट कमी जणांना ठाऊक आहे. १९९९ च्या मे महिन्यात, १० ते १२ तारखेच्या दरम्यान, सौरवारा जवळजवळ नाहीसा झाला. त्याची दाटी ९८ टक्क्यांहून अधिक घटली, वेगही निम्म्यावर आला. बाहेरचा हात सैल पडताच पृथ्वीचे चुंबकावरण फुगत गेले. सौरवारा ज्या ठिकाणी पृथ्वीच्या ढालीवर आपटून मंदावतो, ती उसळती लाट एरवी पृथ्वीपासून लाखभर किलोमीटरच्या आत असते. त्या दिवशी ती चंद्राच्या अंतराजवळ जाऊन पोचली. जमिनीवर कुणाला काहीच जाणवले नाही. शास्त्रज्ञांना मात्र एक दुर्मीळ संधी मिळाली. आजाऱ्याची नाडी तपासताना ती जलद चालते तेव्हा जितके कळते, तितकेच ती मंद होते तेव्हाही कळते.

धक्का भिंतीला आणि कडी दाराची

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बातम्यांत तिचा घोळ होतो. दाब वाढणे आणि चुंबकी वादळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सौरवारा आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकत्वही वाहून आणतो. त्याची दिशा कधी उत्तरेकडे, कधी दक्षिणेकडे असते. ती उत्तरेकडे असेल तर नुसत्या दाबाने ढाल दबते, सुई उसळते आणि दाब ओसरला की सगळे जागेवर येते. ती दक्षिणेकडे असेल तर मात्र पृथ्वीच्या चुंबकरेषा आणि सूर्याकडून आलेल्या रेषा एकमेकींशी जोडल्या जातात आणि सूर्याची ऊर्जा आत शिरते. घराच्या भिंतीला धक्का बसणे वेगळे आणि दाराची कडी आतून निघणे वेगळे. दाब म्हणजे धक्का, दिशा म्हणजे कडी. दोन्ही एकाच वेळी झाले तर मोठे वादळ.

मग पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर विजेचे एक प्रचंड कडे वाहू लागते. त्याचा परिणाम पहिल्या उसळीच्या उलट असतो. जमिनीवरचे आडवे चुंबकी बळ तासन्‌तास खाली घसरत जाते. म्हणून वादळाच्या आलेखात आधी एक छोटी उडी, मग खोल दरी आणि मग दोन-तीन दिवस हळूहळू चढणारा घाट दिसतो.

१० मे २०२४ च्या रात्री हेच घडले. सूर्यावरच्या एका मोठ्या डागसमूहातून एकामागून एक ढग सुटले होते. ते पृथ्वीवर आदळले तेव्हा भारतात रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. वीस वर्षांतले ते सर्वांत तीव्र वादळ ठरले. एरवी ध्रुवांजवळ दिसणारा प्रकाश त्या रात्री लडाखमधल्या हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी लालसर झळाळीच्या रूपात टिपला. अमेरिकेत पेरणीचा हंगाम होता. तिथले उपग्रहांच्या इशाऱ्यावर सरळ रेषेत चालणारे ट्रॅक्टर वाट चुकू लागले आणि अनेक शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली.

कुलाब्याची वही

ही सगळी गोष्ट दूरच्या देशांची वाटत असेल तर थोडे थांबा. जगातल्या सर्वांत मोठ्या नोंदलेल्या चुंबकी वादळाची एक मोलाची नोंद आपल्या मुंबईतली आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली आणि १८४१ पासून तिथे चुंबकी मोजमाप सुरू झाले. मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले होते. गणिती केरूनाना छत्रेही तिथे काम करीत. त्या काळी आपोआप आलेख काढणारे यंत्र तिथे नव्हते. माणसाने दुर्बिणीला डोळा लावायचा, टांगलेल्या चुंबकाबरोबर मोजपट्टी किती सरकली ते पाहायचे आणि वहीत लिहायचे. दर तासाला, रात्रीसुद्धा. सुई बिथरली तर काही काही मिनिटांनी.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याचे डाग कागदावर उतरवत असताना त्यांना डागांवर दोन प्रखर ठिणग्या दिसल्या आणि पाच मिनिटांत विझल्या. त्यानंतर साडेसतरा तासांनी सूर्याचा तो ढग पृथ्वीवर आदळला. चार दिवसांची वाट त्याने सतरा तासांत कापली होती, म्हणजे वेग सेकंदाला दोन हजार किलोमीटरच्या वर. युरोप-अमेरिकेत तारखात्याच्या यंत्रांतून ठिणग्या उडाल्या. काही ठिकाणी बॅटरी काढून टाकल्यावरही तारा चालत राहिल्या. कित्येक वेधशाळांच्या सुया मोजपट्टीच्या बाहेर गेल्या आणि नोंद अर्धवट राहिली. कुलाब्याला मात्र २ सप्टेंबरच्या सकाळी मोजणारी माणसे जागेवर होती. त्यांनी लिहिलेल्या आकड्यांवरून दिसते की आडवे बळ थोड्या वेळात सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेले होते. मे २०२४ च्या वादळात जगभराची सरासरी घट साधारण ४०० होती, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचा दरारा कळतो.

ती वही दीडशे वर्षे जपून राहिली. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना यांनी सहकाऱ्यांसह तिच्या आधारे त्या वादळाचा हिशेब पुन्हा मांडला. आज वीजजाळे किंवा उपग्रह किती मोठ्या धक्क्याला टिकले पाहिजेत, याचा विचार करताना जगभरचे अभियंते कुलाब्याच्या या आकड्याकडे पाहतात. रात्रपाळीला दुर्बिणीशी बसलेल्या त्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आपण कुणाच्या कामी येणार आहोत, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. तरी त्यांनी नोंद चुकवली नाही.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या विजेने कुलाब्याच्या सुया बिघडल्या असत्या. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली. इमारतीत लोखंड वापरले नाही, चुंबकाला न खुणावणारा पोरबंदरचा दगड आणला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप केले, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा. अलिबागची सुई आजही नोंद देते. नवी मुंबईजवळ नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्य कार्यालय आहे.

आपल्या घराशी याचा संबंध काय?

जून २०२४ मध्ये शाळा उघडल्यावर पालकसभेत एका विद्यार्थिनीच्या अम्मीने आमच्यापुढे मोबाईल धरला. त्यावर नेहमीचा फिरता संदेश होता : आज रात्री साडेबारा ते साडेतीन अवकाशातून घातक किरणे येणार आहेत, मोबाईल बंद करून लांब ठेवा, सर्वांना कळवा.

‘‘सर, हे खरं आहे का? पोरगी दोन रात्री झोपली नाही हो. उशाखालचं घड्याळसुद्धा काढून ठेवते.’’

‘‘आपा, मोबाईल रात्री बंदच ठेवा, पण तिची झोप नीट व्हावी म्हणून. सूर्याच्या भीतीनं नको,’’ आम्ही म्हटले.

हा संदेश गेली कित्येक वर्षे, तारीख बदलून-बदलून, देशोदेशी फिरतो आहे. कधी त्यात नासाचे नाव असते, कधी एखाद्या वाहिनीचे. खरी गोष्ट अशी की सौरवाऱ्याचे कण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. आधी चुंबकावरण त्यांना वळवते. जे आत शिरतात ते शंभर किलोमीटर किंवा त्याहून उंचीवर हवेशी टकरावून थांबतात, आणि त्या टकरीचा प्रकाश म्हणजेच ध्रुवीय प्रकाश. आपल्या उशाशी असलेल्या मोबाईलशी त्यांचे काही वैर नाही. किब्लानुमाचीही काळजी नको. मोठ्या वादळातसुद्धा आपल्याकडे सुईची दिशा एक अंशाच्या लहानशा हिश्शानेच ढळते. लोखंडी कपाट किंवा पलंग जवळ असेल तर तिला त्याहून कितीतरी जास्त फरक पडतो. तेव्हा दिशा पाहायची तर लोखंडापासून चार पावले दूर उभे राहावे, हे उत्तम.

मग धोका नाहीच का? आहे, पण तो अंगाला नाही, सोयींना आहे. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात चुंबकी वादळामुळे लांबच लांब वीजवाहिन्यांत नको असलेले प्रवाह शिरले. दीड मिनिटाच्या आसपास सगळे वीजजाळे कोसळले आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. बाहेर बर्फ होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्स कंपनीने ४९ उपग्रह सोडले. एका मध्यमशा वादळाने वरची हवा तापून फुगली, उपग्रहांना तिचा अडसर वाढला आणि त्यातले जवळजवळ चाळीस पडून जळून गेले. विमानांचे दूरचे रेडिओ संदेश, नकाशावर रस्ता दाखवणारी यंत्रणा, बँकांच्या व्यवहारांना लागणारी अचूक वेळ, हे सगळे आज उपग्रहांवर टेकलेले आहे. आपल्या आजीच्या काळात असे वादळ आले असते तर तिच्या चुलीला काही झाले नसते. आज आपल्या घराचे दोर आकाशात बांधलेले आहेत, म्हणून आकाशाची खबर ठेवणे भाग आहे.

पंधरा लाख किलोमीटरवरचा पहारा

ही खबर वेळेवर मिळावी म्हणून सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधल्या वाटेवर, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर काही याने उभी आहेत. त्यांत आपले आदित्य-एल१ आहे. ते २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी नेमून दिलेल्या जागी पोचले. त्याच्यावरची सूर्याची अतिनील चित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेत तयार झाली. सौरवाऱ्याचे कण मोजणारी आणि त्याच्या चुंबकत्वाची दिशा सांगणारी उपकरणेही त्याच्यावर आहेत. म्हणजे धक्का किती आणि कडी निघणार का, हे दोन्ही.

नेहमीचा सौरवारा या यानाला ओलांडून पृथ्वीपर्यंत यायला साधारण एक तास घेतो. वादळी वारा त्याच्या निम्म्यात, कधी त्याहूनही लवकर येतो. वीजकेंद्रात भार कमी करायला, उपग्रहाची नाजूक उपकरणे बंद करायला मिळणारा वेळ एवढाच. ढग सूर्यावरून सुटताना दिसला तर एक-दोन दिवस आधी अंदाज बांधता येतो, पण त्याच्या पोटातले चुंबकत्व उत्तरेचे की दक्षिणेचे, हे तो या पहारेकऱ्यांपर्यंत येईपर्यंत खात्रीने सांगता येत नाही. आज जगभरचे शास्त्रज्ञ याच अडचणीशी झुंजत आहेत.

आदित्य-एल१ निघाले तेव्हा त्याच्या प्रकल्प संचालक होत्या निगार शाजी. तामिळनाडूतल्या सेंगोट्टई या लहान गावातल्या एका शेतकरी मुस्लिम कुटुंबातली ही मुलगी. गावातच शाळा शिकली, तिरुनेलवेलीच्या सरकारी महाविद्यालयातून अभियंता झाली आणि १९८७ मध्ये इस्रोत रुजू झाली. पस्तीसहून अधिक वर्षांच्या कामानंतर तिच्या हाताखाली देशाचे पहिले सूर्ययान निघाले. मुलगी विज्ञान घेऊ म्हणते आणि घरात विचारविनिमय सुरू होतो, तेव्हा हे नाव जरूर आठवावे.

मुलांबरोबर करून पाहण्याजोगे एक काम सांगून थांबतो. बऱ्याच मोबाईलमध्ये चुंबकी बळ मोजणारा बारीक भाग असतो आणि तो आकडा दाखवणारे ॲप मिळते. घराबाहेर मोकळ्या जागी, वाहने आणि विजेच्या खांबांपासून दूर उभे राहून पाहा. महाराष्ट्रात तो आकडा ४० ते ४५ मायक्रोटेस्लांच्या आसपास येईल. मग तोच मोबाईल तव्याजवळ, पंपाजवळ, मोटारसायकलजवळ नेऊन पाहा. आकडा कसा उड्या मारतो ते दिसेल. सौरवाऱ्याच्या धक्क्याने होणारी उडी मात्र मोबाईलला पकडता येणार नाही, कारण ती याच्या शेकडोपट लहान असते. ती पकडायला लोखंड नसलेली दगडी खोली, शांत जागा आणि न कंटाळता नोंद ठेवणारी माणसे लागतात. अलिबागला तशी खोली आहे. मुलांना समुद्र दाखवायला नेलेत तर तिथे एक वेधशाळाही आहे, एवढे त्यांना नक्की सांगा.